पालथा पंप

नव्या कंपनीत जिना चढून वर गेलं की समोरच्या भिंतीवर मोठ्या निळ्या अक्षरांत तीन शब्द होते. प्रामाणिकपणा. पारदर्शकता. एकजूट. अक्षरं प्लास्टिकची, एकेक कापून चिकटवलेली. शेवटचा 'ट' एका बाजूने सुटून लोंबत होता. थेंबताईंनी पहिल्या दिवशी तो अंगठ्याने दाबून पाहिला. दुसऱ्या दिवशी घरून गोंद आणला आणि कोणी यायच्या आत नीट चिकटवून टाकला. कोणाच्या लक्षात आलं नाही. सुटलेला कोणाला दिसला नव्हता, तर चिकटलेला कुठून दिसणार.

जुन्या दुकानात भिंतीवर एवढंच लिहिलेलं होतं : 'चपला बाहेर'.

थेंबताई सलाइनचे पंप दुरुस्त करतात. दवाखान्यात खाटेशेजारच्या दांड्यावर एक लहानशी पेटी बसवलेली असते, नळीतून औषध ठरलेल्या वेगाने सोडणारी, तोच हा पंप. औषध भरभर गेलं तरी पंचाईत, रेंगाळलं तरी पंचाईत. म्हणून दुरुस्ती झाली की पंप साध्या पाण्यावर चालवायचा, खाली मापाचा ग्लास ठेवायचा आणि थेंब बरोबर पडतात का ते बघत बसायचं. बाकीच्यांना याचा कंटाळा यायचा, ताईंना यायचा नाही. त्यावरूनच दुकानातल्या ठोक्याने त्यांना हे नाव ठेवलं. ठोक्याला त्याचं नाव मिळालं होतं ते कुठलंही बंद मशीन आधी दोन थपडा मारून बघायच्या सवयीमुळे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. मधोमध एकच मोठं टेबल. एका टोकाला मालक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणत, दुसऱ्या टोकाला ठोक्या, मध्ये थेंबताई. दाराशी फोन घेऊन उस्तादांची बायको, म्हणजे सगळ्यांच्या वहिनी. दवाखान्यांना दटावायचं खातं वहिनींकडे. "पंप पडला म्हणता, की पाडला?" असं त्या एवढ्या गोडीने विचारत, की पलीकडचा माणूस आपणहून कबूल करून मोकळा व्हायचा.

त्या टेबलावर एक पद्धत होती. काम अर्धवट टाकून उठायची वेळ आली, तर पंप पालथा ठेवायचा. पडदा खाली, पाठ वर. पालथा पंप दिसला की ज्याचे हात रिकामे असतील त्याने तो उचलायचा आणि पुढचं काम करून टाकायचं. विचारायचं नाही, उपकार म्हणून सांगायचंही नाही. ताईंना दवाखान्यात आईजवळ थांबावं लागायचं त्या दिवसांत त्यांनी कितीतरी पंप पालथे टाकले, आणि सकाळी येऊन बघावं तर ते उताणे, चकचकीत पुसून, रांगेत मांडलेले. एकदा ताईंनी आभार मानले तर ठोक्या म्हणाला, "माझं नाव कशाला घेता? भुतानं केलं असेल. आपल्या दुकानातलं भूत कामसू आहे."

दुसरी पद्धत संध्याकाळची. दुकान आवरून झालं की चौघं उभ्या उभ्या आपापलं त्या दिवशी काय चुकलं ते सांगत. सुरुवात उस्तादांपासून. पहिल्या दिवशी ताई बघतच राहिल्या. एवढा मोठा माणूस, खिशात स्क्रूड्रायव्हर खोचलेला, शाळेतल्या मुलासारखा उभा राहून म्हणाला, "आज मी एक स्प्रिंग उलटी बसवली. दुपारी कळलं. काढून सरळ केली." बाकीचे दोघं म्हणाले, "ऐकलं." बस. हसायला बंदी नव्हती, पण दुसऱ्या दिवशी तो विषय काढायला होती. एकदा 'ऐकलं' म्हटलं की ती चूक चौघांची झाली. निस्तरायची असली तर चौघांनी.

"माझं उद्या सांगू का?" ठोक्या विचारायचा. "आज लांबण लागेल."

"सांग, सांग," वहिनी म्हणायच्या. "कुकरच्या तीन शिट्ट्या होईपर्यंत वेळ आहे मला."

ताईंना स्वतःची पहिली चूक बोलून दाखवायला बरेच दिवस लागले. शेवटी बोलल्या. तिघांनी एकदम म्हटलं, "ऐकलं." त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली. पुढे आई गेली, धाकटी बहीण लग्न होऊन दूर गेली, घरात बोलायला कोणी उरलं नाही. पण संध्याकाळी एकदा 'ऐकलं' कानावर पडलं की दिवस मिटल्यासारखा वाटायचा.

मग उस्तादांचे हात थरथरायला लागले. बारीक स्क्रू चिमट्यातून निसटू लागले. त्यांनी तेही एका संध्याकाळी उभं राहून सांगितलं आणि सगळ्यांनी ऐकलं. दवाखान्यांची कामं एका मोठ्या कंपनीने घेतली, दुकानाला कुलूप लागलं. ठोक्या मुलाकडे गेला. ताईंना त्या कंपनीने काम दिलं, पण आधी काही महिने बघून मग पक्कं करायचं अशा बोलीवर.

कंपनीत सगळ्यांना वेगवेगळी टेबलं होती आणि मध्ये बसल्यावर डोक्यापर्यंत येणारे आडपडदे. उजेड सगळीकडे सारखा, त्यामुळे सकाळ की दुपार ते कळायचं नाही. ताईंच्या शेजारच्या टेबलावर तिशी ओलांडलेला एक माणूस बसायचा. कानांवर कायम मोठे हेडफोन. ताईंनी मनातल्या मनात त्याचं नावही हेडफोनच ठेवलं. वाईट नव्हता. हाताला सफाई होती. सकाळी मान हलवायचा, संध्याकाळी मान हलवायचा, मधल्या वेळात गाणी ऐकायचा. ताई पंप दुरुस्त करून मोजत, मग तो परत मोजायचा आणि हिरवा स्टिकर लावायचा. स्टिकर लागला की पंप दवाखान्यात जायला मोकळा.

पहिल्याच आठवड्यात घोळ झाला. संध्याकाळी सगळे पिशव्या आवरत होते. ताई सवयीने उभ्या राहिल्या आणि स्पष्ट आवाजात म्हणाल्या, "आज मी एका पंपाचं दार लावताना नळी चिमटली. वेळेत दिसलं. नळी बदलली."

कोणीतरी मागून विचारलं, "ताईंचा वाढदिवस आहे का?" हशा पिकला. ताई उभ्याच. त्या कशाची वाट बघत होत्या ते कोणाला ठाऊक असणार?

दुसऱ्या दिवशी विभागाच्या मॅडमनी आत बोलावलं. मॅडम ताईंपेक्षा बऱ्याच लहान, बोलायला मऊ. "ताई, तुम्ही सगळ्यांसमोर बोललात, आता मला ते तुमच्या नावावर लावावं लागतं. अशा गोष्टी साठल्या की पक्कं करताना वरून विचारणा होते. सुधारलं होतं ना तुम्ही? मग बोलायचंच कशाला?"

"भिंतीवर लिहिलंय म्हणून," असं ताईंच्या ओठांवर आलं होतं. त्यांनी ते गिळलं.

त्यानंतर त्या कंपनीत कधी बोलल्या नाहीत. घरी येऊन, ओट्याशी उभं राहून बोलायच्या. "आज एक वायर खरचटली माझ्याकडून. बदलली." फ्रिज घुर्र करायचा. शेजारच्या घरात टीव्ही चालू असायचा. ताई भाजी चिरायला घेत.

धाकटीचा फोन रविवारी यायचा. "अगं ताई, गप्प बसायला कोणी कर लावलाय का? लोक चुका दडपून मोठे होतात, तू दवंडी पिटतेस."

"दवंडी नाही गं. नुसतं सांगायचं असतं."

"मग मला सांग. चल, सांग."

ताईंनी सांगितलं. धाकटी म्हणाली, "हात्तिच्या! एवढंच? मी आज दूध उतू घालवलं आणि ह्यांच्या नावावर खपवलं." दोघी खूप हसल्या. फोन ठेवल्यावर ताईंच्या लक्षात आलं, की धाकटीने सगळं केलं, पण ऐकलं असं काही झालं नाही.

एका दुपारी कंपनीत कामाचा ढीग पडला होता. ताईंनी एका पंपाची स्प्रिंग बदलली. ती दाबाचा स्क्रू फिरवून नीट बसवायची होती, मग पाण्यावर मोजायचं होतं. तेवढ्यात खालून बोलावणं आलं, नव्या मालाची खोकी मोजून घ्यायला. ताई उठल्या. आणि हाताने, डोक्याला न विचारता, पंप त्यांच्या आणि हेडफोनच्या टेबलांमधल्या फळीवर पालथा ठेवला.

परत आल्या तर फळी रिकामी. पंप गेलेला.

ताई जागच्या जागी थांबल्या. कोणीतरी उचलला होता. कोणीतरी पालथा पंप बघितला, हातातलं काम बाजूला ठेवलं आणि त्यांचं अर्धं राहिलेलं काम पुरं केलं. न विचारता, न सांगता. त्यांनी पडद्यावरून पलीकडे पाहिलं. हेडफोन मान डोलावत दुसऱ्याच पंपात गुंतला होता. ताई हसल्या. त्याने मान हलवली. गाण्याच्या तालावर हलवली असेल, पण ताईंनी ती आपली धरली.

दुसऱ्या दिवशी त्यांनी त्याच्या टेबलावर एक संत्रं ठेवलं. त्याने इकडेतिकडे पाहिलं आणि सोलून खाल्लं. त्या आठवड्यात ताई जिना भराभर चढायच्या. ओट्याशी उभं राहून त्या म्हणाल्या, "तिथेही आहे एक भूत."

पंप परत आला तो तक्रार घेऊन. दवाखान्यात रात्रपाळीच्या नर्सने पाहिलं, की बाटली वेळेच्या खूप आधी रिकामी होत आली. तिने चटकन नळी बंद केली. पेशंटला काही झालं नाही. नर्स जागी होती म्हणून झालं नाही. पंप उघडला तर स्प्रिंग नवी आणि दाबाचा स्क्रू तसाच सैल. वर मात्र हिरवा स्टिकर.

सकाळच्या उभ्या बैठकीत मॅडमनी तो पंप सगळ्यांसमोर टेबलावर ठेवला. "स्टिकर कोणाचा?"

हेडफोनच्या गळ्यात हेडफोन लोंबत होते. कान लाल झाले होते. "माझा."

"मोजला होतात?"

त्याने गळ्यातले हेडफोन काढून हातात घेतले.

"हे साधं प्रकरण नाही. शुक्रवारपर्यंत मला वर कळवायचंय, कोणावर काय कारवाई ते."

तेव्हा ताईंच्या डोक्यात प्रकाश पडला. इथे पॅकिंगवाले पंप फोममध्ये पालथेच घालतात, पडद्यावर ओरखडा येऊ नये म्हणून. त्यामुळे या मजल्यावर पालथा पंप म्हणजे तयार पंप. ताई सोडून सगळ्यांना ते माहीत होतं, इतकं माहीत की कोणी कधी सांगितलंच नव्हतं. हेडफोनने ढिगाच्या घाईत पालथा पंप बघितला, ताईंचा पंप कधी चुकत नाही म्हणून मोजणी सोडली, स्टिकर मारला आणि पुढे ढकलला. कोणी त्यांचं काम पुरं केलं नव्हतं. भूत नव्हतं.

आणि आता शुक्रवारीच त्यांचंही पक्कं व्हायचं की नाही ते ठरणार होतं. या वयात दुसरीकडे कोण घेतं? आता तोंड उघडलं की नोकरी गेली. नाही उघडलं तर तो एकटा अडकतो. बैठक संपली. सगळे पांगले. ताई गप्प राहिल्या.

दिवसभर हेडफोनने हेडफोन लावले नाहीत. दुपारी तो जिन्यात फोनवर बोलत होता. "नाही, अजून काही नाही. तू आईंना नको सांगूस एवढ्यात." ताई वरच्या पायरीवरूनच मागे फिरल्या.

संध्याकाळी घरी जाऊन त्यांनी उस्तादांना फोन लावला. दुकान बंद झाल्यापासून पहिल्यांदाच. वहिनींनी उचलला, आनंदाने ओरडल्याच, "थेंबताई! अहो, आहात कुठे? थांबा, देते त्यांना."

"उस्ताद, मी बोलतेय. माझ्याकडून एक चूक झाली."

"काय?"

"चूक झाली! पंप पालथा ठेवला!"

"कोण पडलं?"

ताई मोठ्याने बोलल्या, मग ओरडल्या. खिडकी लावून घेऊन परत ओरडल्या. पलीकडून उस्ताद म्हणाले, "आवाज येतोय गं, शब्द नाही येत. बरी आहेस ना? जेवतेस ना वेळेवर?"

वहिनींनी फोन परत घेतला. "कान गेलेत हो त्यांचे. मशीन घ्या म्हटलं तर म्हणतात, माझं मशीन मीच दुरुस्त करीन. मला सांगा, मी पाटीवर लिहून दाखवते."

"नको वहिनी. सहजच केला होता."

"सहज एवढं ओरडून?"

ताईंना हसू आलं आणि त्यातच डोळे भरले. फोन ठेवून त्या बराच वेळ ओट्याशी उभ्या राहिल्या. आज काही बोलल्या नाहीत. फ्रिजला सांगून भागण्यासारखं ते नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बैठक सुरू व्हायच्या आत त्या म्हणाल्या, "मॅडम, आधी माझं." आणि सांगितलं. स्प्रिंग बदलली, स्क्रू राहिला, पंप पालथा ठेवला. जुन्या दुकानात पालथा म्हणजे अर्धवट असायचं, इथे तयार असतं हे विचारायला हवं होतं, विचारलं नाही. पंप गेलेला दिसला तरी तो कोणी पुरा केला हे पाहिलं नाही. "कोणीतरी आपलं काम केलं असं मला वाटलं," त्या म्हणाल्या. पुढे आणखी काही बोलायचं होतं, ते राहून गेलं.

सगळे आपल्या बुटांकडे बघत होते. ताई क्षणभर थांबल्या. या वेळी त्यांना माहीत होतं की तो शब्द येणार नाही. तरी थांबल्या.

"ताई, आत या," मॅडम म्हणाल्या.

आत मॅडमनी कपाळ चोळलं. "तुम्ही बोलला नसतात तर मला कधी कळलं नसतं. हे मी वर सांगू शकते. पण पक्कं नाही होणार, ताई. या महिनाअखेरपर्यंतच काम."

"आणि त्याचं?"

"मोजणी त्याने सोडलीच होती. समज मिळेल. नोकरी जाणार नाही."

"आणि पालथ्याचं काय करणार?"

"म्हणजे?"

"पुढे दुसरं कोणी बाहेरून येईल. त्यालाही ठाऊक नसणार."

मॅडमनी पेन उचललं. "तुमच्याकडे आहे काही उपाय?"

"अर्धवट कामावर लाल फडकं टाका. फडक्याचा कोणी दुसरा अर्थ लावत नाही."

बाहेर आल्या तर हेडफोन फळीशी उभा होता. ताईंना वाटलं, तो बरं काही बोलेल.

"कालच सांगायचं होतंत," तो म्हणाला. "माझी रात्र गेली. बायकोची गेली."

"हो," ताई म्हणाल्या.

तो जाऊन बसला. मग पडद्यावरून डोकं वर काढून विचारलं, "ते संत्रं त्या पंपासाठी होतं?"

"हो."

"मला वाटलं, तुम्हाला आंबट चालत नसेल, नको असेल." तो हसला नाही, पण तोंड वाकडं झालं. "गोड होतं," तो म्हणाला आणि हेडफोन लावले.

महिनाअखेरपर्यंत ताई नेहमीसारख्या येत राहिल्या. पॅकिंगच्या खोलीतून लाल फडकी आली. दोनचार टेबलांवर ती पुसायला गेली, बाकीच्यांवर टिकली. धाकटी म्हणाली, "इकडे ये राहायला." ताई म्हणाल्या, "बघते." वजनकाटे दुरुस्त करणाऱ्या एकाशी त्या बोलून आल्या होत्या. तो म्हणाला होता, या, पण माझं दिवाळं काढायचं नसेल तर पगार मागू नका. विनोद होता, पण सोमवारी या असंही म्हणाला.

शेवटच्या संध्याकाळी मजला लवकर रिकामा झाला. ताईंनी चिमटा, दोन स्क्रूड्रायव्हर आणि मापाचा जुना ग्लास पिशवीत घातला. पलीकडे फक्त हेडफोन, एक पंप मोजत बसलेला. ताई पिशवी खांद्याला लावून उभ्या राहिल्या.

"माझं एक सांगायचं राहिलं," त्या म्हणाल्या. "तुझ्यावर आलं तेव्हा मी एक दिवस गप्प बसले."

ग्लासात थेंब पडत होते. त्याची मान खाली. ताई जायला वळल्या. जिन्यापाशी पोचल्या तेवढ्यात मागे खुर्ची सरकली.

"काही म्हणालात का?" त्याने एका कानावरचा हेडफोन उचलून धरला होता.

"काही नाही."

"म्हणालात. ओठ हलत होते. थांबा." त्याने दोन्ही काढले, टेबलावर ठेवले. "हां. आता सांगा."

ताईंनी परत सांगितलं. या वेळी ओरडावं लागलं नाही. तो शेवटपर्यंत उभा राहिला. काय उत्तर द्यायचं असतं ते त्याला कोणी शिकवलेलं नव्हतं. त्याने कानामागे खाजवलं, ताईंच्या पिशवीकडे पाहिलं, मग ग्लासाकडे.

"बरं," तो म्हणाला.

ताईंनी मान हलवली आणि जिना उतरू लागल्या. उतरताना तो शब्द त्यांनी एकदा तोंडात घोळवून पाहिला. जुना नव्हता. पण दिवस मिटायला पुरला.